विद्यापीठात मोबाइल : इंदूरच्या निमित्ताने एक आढावा

अलीराजपूर किंवा बडवानीहून इंदुरात शिकायला आलेल्या मुलाचा कॉलेजशी पहिला संबंध येतो तो फोनवरच. प्रवेशाचा अर्ज ई-प्रवेशच्या पोर्टलवर भरायचा, ओटीपी फोनवर येणार, फी यूपीआयने जाणार. शैक्षणिक क्रेडिट बँकेचा आयडी आधारला जोडलेल्या नंबरावर निघणार, वेळापत्रक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडणार, परीक्षेचे प्रवेशपत्रही तिथेच उतरवून घ्यायचे. हे सगळे उरकून तो पहिल्या तासाला वर्गात बसतो आणि सर सांगतात, फोन बंद करा आणि बॅगेत ठेवा. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी रास्त आहेत. पण त्या एकाच संस्थेने सांगितलेल्या आहेत, आणि त्यांचा मेळ कसा घालायचा याचा विचार बहुतेक ठिकाणी कोणी निवांत बसून केलेला नाही.

उच्च शिक्षणात मोबाइल हवा की नको, हा वाद गेली वीसेक वर्षे चालू आहे. त्यावर लिहिलेले वाचत गेले की एक गोष्ट वारंवार खटकते. तीन निरनिराळे प्रश्न इथे एकाच भांड्यात शिजत असतात. वर्ग चालू असताना हाताशी असलेला फोन हा पहिला. वर्ग सुटल्यावर, खोलीवर किंवा गावी, अभ्यासाचे एकमेव साधन म्हणून वापरला जाणारा फोन हा दुसरा. आणि हजेरी, परीक्षा, अर्ज यांसाठी संस्थेनेच अपरिहार्य करून टाकलेला फोन हा तिसरा. पहिल्याविषयीचा पुरावा दुसऱ्याच्या विरोधात वापरला जातो आणि दुसऱ्याची गरज दाखवून तिसऱ्याची सक्ती पदरात घातली जाते. या लेखात ते तिन्ही शक्य तितके वेगळे ठेवले आहेत.

इंदूरच का?

एवढ्या लहान परिघात उच्च शिक्षणाचे इतके थर क्वचितच सापडतात. १८९१ साली होळकरांच्या काळात सुरू झालेले होळकर सायन्स कॉलेज इथे आहे, १९९६ चे आयआयएम आहे, २००९ चे आयआयटी आहे. मधोमध देवी अहिल्या विश्वविद्यालय. १९६४ साली ते इंदूर विद्यापीठ म्हणून स्थापन झाले आणि १९८८ मध्ये त्याला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात त्याचे अध्यापन विभाग, ज्यांना गावात सगळे ‘यूटीडी’ म्हणतात. रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या नालंदा परिसरात कारभार. खरा पसारा मात्र संलग्न महाविद्यालयांचा. धार, झाबुआ, अलीराजपूर, खंडवा, खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूर इथली कॉलेजे वर्षानुवर्षे याच विद्यापीठाखाली होती. २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ निघाल्यावर निमाडकडचा भार हलका होऊ लागला. शहरातल्या भंवरकुआँच्या आसपास स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि भाड्याच्या खोल्या यांचे एक वेगळेच विद्यापीठ भरलेले असते आणि त्याचा अभ्यासक्रम जवळजवळ पूर्णपणे फोनवर चालतो. आयआयएममधल्या मुलासमोर लॅपटॉप असतो, फोन ही त्याची जोडवस्तू. अलीराजपूरकडच्या जोबटच्या मुलीसाठी फोन हाच संगणक, तेच ग्रंथालय, तोच कॅमेरा. ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द दोघांना लावून केलेली कोणतीही शिफारस एकाला तरी गैरलागू ठरते.

फोनच्या आधीची काही दशके

पडद्यावरून शिकवण्याचे प्रयोग या भागाला नवे नाहीत. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, त्यात मध्य प्रदेशही होता. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दिसू लागला. त्यासाठी कार्यक्रम बनवणारी माध्यम केंद्रे निवडक विद्यापीठांत उभी राहिली. पुण्यात एक आहे, तसेच इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातही आहे. इस्रोने नोव्हेंबर १९९६ मध्ये झाबुआ जिल्हा निवडला. दीडशे गावांत कार्यक्रम दिसण्याची सोय आणि बाराही तालुका-ठाण्यांवर उलट प्रश्न विचारण्याची सोय असलेला तो प्रकल्प त्या काळी बराच गाजला. अलीराजपूर तेव्हा झाबुआ जिल्ह्यातच होते. पुढे २००३ मध्ये आयआयटींचे एनपीटेल, २००४ मध्ये एज्युसॅट, ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयं’.

याच्या जोडीला मुक्त विद्यापीठांची परंपरा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे, भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी आले. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी मांडलेला आग्रह आजच्या चर्चेतही उपयोगी आहे. साधन कोणतेही असो, विद्यार्थी जिथे आणि ज्या परिस्थितीत आहे तिथून आखणी सुरू व्हायला हवी, असे ती परंपरा मानत आली.

‘साइट’पासून एज्युसॅटपर्यंतच्या बहुतेक प्रयोगांत पडदा संस्थेच्या मालकीचा होता. तो एका खोलीत असे, खोलीला कुलूप असे आणि किल्ली पंचायतीकडे किंवा प्राचार्यांकडे असे. वीज गेली किंवा किल्ली सापडली नाही की त्या दिवशीचा पाठ बुडाला. मोबाइलने हे नाते उलटे केले. यंत्र विद्यार्थ्याचे, रिचार्ज त्याच्या घरच्यांचा, वेळ त्याची आणि लक्षही त्याचेच. पुढच्या सगळ्या वादाची मुळे या मालकीच्या बदलात आहेत, असे मला वाटते. पडदा लहान झाला हे त्या मानाने दुय्यम.

बाहेरच्या देशांत सुरुवात संस्थांनीच उपकरणे वाटून केली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांना आयपॉड दिले, टेक्ससच्या ॲबिलीन ख्रिश्चन विद्यापीठाने २००८ मध्ये आयफोन. त्याहून आपल्याला जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तिथे २००७ मध्ये ‘डॉ. मॅथ’ सुरू झाले: साध्या फोनवर मुले गणिताचा प्रश्न टाइप करीत आणि पलीकडे प्रिटोरिया विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी चॅटवर वाट दाखवीत. स्मार्टफोन नव्हता, व्हिडिओ नव्हता, पण उत्तर द्यायला माणूस होता. मध्य प्रदेश सरकारनेही गेल्या दशकात सरकारी महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्मार्टफोन देण्याची योजना राबवली आणि त्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट घातली. फोन हे वर्गात यायचे बक्षीस होते. वर्गात त्याचे काय करायचे, हे योजनेत नव्हते. मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि वाटप मागे पडले.

टाळेबंदीने लावलेले वळण

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला आणि पहिल्या काही आठवड्यांत इंदूर सर्वाधिक ग्रासलेल्या शहरांपैकी होते. कॉलेजे फोनवर गेली ती कोणत्याही आराखड्याविना. शहरातल्या विभागांत मीट आणि झूम, तालुक्याच्या गावी व्हॉट्सॲपवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवणे, वहीच्या पानांचे फोटो आणि पीडीएफ. त्या आधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात १४.९ टक्के. संगणक ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत. म्हणजे ‘ऑनलाइन शिक्षण’ याचा अर्थ आपल्याकडे पहिल्या दिवसापासून ‘फोनवरचे शिक्षण’ असाच होता.

घरात फोन आहे आणि मुलीच्या हातात फोन आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरण्याजोगा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या, मध्य प्रदेशात ३८ टक्क्यांच्या आसपास. एकच फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा मजुरीला जाणार आणि रात्री आठला घरी येणार, तर सकाळी अकराचा तास मुलीसाठी नसतोच. ध्वनिमुद्रित पाठ तिच्या उपयोगाचा, थेट वर्ग निरुपयोगी. ही साधी बाब तेव्हाच्या बहुतेक वेळापत्रकांच्या ध्यानात आली नाही.

परीक्षांची गोष्ट तर जवळून पाहण्यासारखी आहे. मध्य प्रदेशात २०२० च्या सप्टेंबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा ‘ओपन बुक’ पद्धतीने झाल्या आणि पुढच्या वर्षीही तोच मार्ग धरला गेला. प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर येई. विद्यार्थी ती फोनवर उतरवून घेई, घरी बसून हाताने कागदावर उत्तरे लिही, वर स्वतःच माहिती भरलेले पहिले पान जोडी आणि गठ्ठा जवळच्या संग्रहण केंद्रावर नेऊन देई. अर्धी प्रक्रिया फोनची, अर्धी टपालखात्याच्या जमान्यातली. पण ती पार पडली आणि हजारो मुलांचे वर्ष वाचले. त्या उत्तरपत्रिकांनी नेमके काय मोजले, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

महासाथ ओसरल्यावर वर्ग परत भरले. फोन मात्र खोलीवर परतला नाही. २०२५ च्या सरकारी दूरसंचार सर्वेक्षणात देशातल्या ८५ टक्क्यांहून अधिक घरांत स्मार्टफोन आढळला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र पद्धतीचा मसुदा काढून कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. ‘स्वयं’वरून मिळवता येणाऱ्या क्रेडिटची मर्यादाही २० वरून ४० टक्के केली.

बाजूने काय म्हटले जाते

फोनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भरीव आधार म्हणजे संग, चांग आणि लियू यांनी २०१६ मध्ये केलेला एकत्रित अभ्यास. १९९३ ते २०१३ या काळातल्या ११० प्रयोगांचे निष्कर्ष त्यांनी एकत्र तपासले आणि हातातल्या उपकरणांसह शिकणाऱ्यांची कामगिरी मध्यम प्रमाणात सरस आढळली. मात्र त्यातले बरेच प्रयोग थोड्या दिवसांचे होते, आणि त्यांत उपकरण विशिष्ट कामासाठी, शिक्षकाच्या आखणीने वापरले गेले होते. ‘फोन जवळ असला की शिकणे सुधारते’ असे तो अभ्यास म्हणत नाही. चांगला बेत आखलेल्या तासात फोन उपयोगी पडतो, इतकेच तो सांगतो.

असा बेत म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात ‘फायफॉक्स’ नावाचे मोफत ॲप तयार झाले. फोनमध्ये प्रवेग, चुंबकत्व, आवाज, प्रकाश मोजणारे संवेदक आधीपासून असतातच. हे ॲप त्यांचे आकडे उघडे करून दाखवते. त्यात आवाजावर चालणारे स्टॉपवॉच आहे. दोन विद्यार्थी कॉलेजच्या व्हरांड्यात पाच मीटर अंतरावर उभे राहतात, प्रत्येकाचा फोन हाताशी. पहिला टाळी वाजवतो. त्याचे घड्याळ लगेच सुरू होते, दुसऱ्याचे किंचित उशिरा, कारण आवाजाला पाच मीटर यावे लागते. मग दुसरा टाळी वाजवतो. आता त्याचे घड्याळ आधी थांबते आणि पहिल्याचे किंचित उशिरा. दोन्ही घड्याळांच्या आकड्यांतला फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर कापायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. दहाला त्याने भागले की सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास वेग येतो. व्हरांड्यात कोणी मोठ्याने हसले तर घड्याळ भलत्याच वेळी थांबते, मग आवाजाची किमान पातळी किती ठेवायची यावर वाद होतो, आणि प्रायोगिक चूक म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या वादात जास्त कळते. ज्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस मुलांमागे एक चालू उपकरण आहे, तिथे याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरा उपयोग वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा. हार्वर्डचे एरिक मेझर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात मधेच प्रश्न टाकून सगळ्यांकडून उत्तर घेत आणि मग शेजाऱ्याशी चर्चा करायला लावत. त्यासाठी पुढे खास ‘क्लिकर’ आले. आता ते काम फोन करतो. आयआयटी मुंबईत भास्करन रामन यांनी तयार केलेले ‘सेफ’ हे ॲप त्याच वाटेवरचे: वर्गातच, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर छोटी परीक्षा, आणि परीक्षा चालू असताना कोणी ॲपबाहेर गेला तर शिक्षकाला कळण्याची सोय. हेच रामन शाळकरी मुलांच्या हाती पडदे देण्याविरुद्ध जाहीरपणे बोलत आले आहेत, हेही इथे नोंदवले पाहिजे. एकच माणूस दोन्ही बाजू सुसंगतपणे धरू शकतो, कारण वय आणि प्रसंग वेगळे आहेत.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचा मुद्दा या चर्चेत फार उशिरा येतो. फोनवरचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ही त्यांची वही आणि पुस्तक दोन्ही असते. सरसकट बंदीचा नियम लिहिताना त्यांच्यासाठी एक ओळ ठेवली नाही तर तो नियम त्यांना वर्गाबाहेर काढतो.

विरोधात काय म्हटले जाते

लक्ष विचलित होते ही तक्रार जुनी, पण तिला आता चांगला पुरावा आहे. रटगर्स विद्यापीठात ग्लास आणि कांग यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच विषयाच्या ११८ विद्यार्थ्यांना निम्म्या तासांना फोन-लॅपटॉप वापरू दिले, निम्म्यांना नाही. तासाच्या आत विचारलेल्या प्रश्नांवर फरक दिसला नाही. सत्राच्या अखेरच्या परीक्षेत मात्र उपकरणे चालू असलेल्या तासांच्या भागावर गुण सुमारे पाच टक्क्यांनी घसरले, आणि ज्यांनी स्वतः काहीच वापरले नव्हते त्यांचेही घसरले. ‘मी फोन पाहतो, त्याने दुसऱ्याचे काय बिघडते?’ या नेहमीच्या सवालाला हे उत्तर अडचणीचे आहे.

याहून प्रसिद्ध झाला तो टेक्सस विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा प्रयोग: फोन बंद असला तरी नुसता टेबलावर असण्याने विचारशक्ती कमी पडते, असा त्याचा दावा. तो वर्तमानपत्रांतून खूप फिरला. नंतरच्या काही संशोधकांना तोच परिणाम पुन्हा मिळाला नाही, ही बातमी तितकी फिरली नाही. इंग्लंडमधल्या शाळांत बंदीनंतर निकाल सुधारले, विशेषतः मागे पडलेल्या मुलांचे, असे बेलंड आणि मर्फी यांनी दाखवले; स्वीडनमध्ये तसाच अभ्यास केल्यावर काहीच फरक आढळला नाही. शिवाय ही दोन्ही उदाहरणे शाळांची. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल, जो बंदीच्या बाजूने वारंवार उद्धृत होतो, तोही मुख्यतः शाळांविषयीच बोलतो.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०२५ मध्ये समोर आला, आणि तो भारतातल्याच उच्च शिक्षणातला आहे. अल्प सुंगू, प्रदीपकुमार चौधरी आणि आंद्रेआस ब्येरे-नील्सन यांनी सुमारे १७ हजार विद्यार्थ्यांवर यादृच्छिक चाचणी घेतली: काही वर्गांत तासाच्या सुरुवातीला फोन गोळा केले, काहींत नाही. फोन गोळा केलेल्या वर्गांचे गुण सरासरी ०.०८६ प्रमाण विचलनाने वाढले. आकडा लहान आहे, पण उपायाला खर्च जवळजवळ शून्य. फायदा अधिक झाला तो पहिल्या वर्षाच्या, आधी कमी गुण असलेल्या आणि विज्ञान-तंत्रज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांना. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा नेमका याच वर्णनात बसतो. आणखी एक बाब: ज्यांनी बंदी अनुभवली ते विद्यार्थी नंतर अशा नियमाला अधिक अनुकूल झाले.

वर्गाबाहेरच्या वापरालाही एक आक्षेप आहे. डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांतील १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांची माहिती एकत्र केली, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक समजतो असे दिसले. वेळेचे बंधन असेल तर फरक वाढतो. आपली मुले साठ पानांची स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची काचेवर बोटांनी मोठी-लहान करीत वाचतात. त्या काचेसाठी तो मजकूर कोणी लिहिलेला नसतो. अर्ज भरून देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या केंद्राशेजारी झेरॉक्सची दुकाने अजून चालतात याचे कारण मुलांनाही हे ठाऊक आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याचे प्रमाण हा वेगळा विषय, इथे एवढेच: हार्वर्ड-एमआयटीच्या एडएक्सवर २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता.

सक्तीचा फोन

तिसऱ्या प्रश्नावर संशोधन कमी आणि खटले जास्त आहेत. आधी फोन काढून घेण्याच्या सक्तीविषयी. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करावा लागे. नकार देणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले, ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. शिस्तीचे नियम करायला न्यायालयाने मनाई केली नाही. अभ्यासाचे साधनच काढून घेणारा नियम टिकणार नाही, असा त्याचा आशय. तासाभरापुरता फोन पेटीत ठेवणे आणि अभ्यासाच्या वेळी रोज चार तास तो हिरावणे यांतला फरक त्या निकालाने नीट अधोरेखित केला आहे, आणि आपल्याकडच्या वसतिगृहांच्या नियमावल्या त्या नजरेने तपासून पाहण्याजोग्या आहेत.

उलट दिशेची सक्तीही आहे. मध्य प्रदेशात सरकारी महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांची हजेरी ‘सार्थक’ ॲपवर लागते. बाजू घेणारे म्हणतात, गैरहजेरीला आळा बसला. विरोधकांचे म्हणणे, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर, स्वतःच्या डेटावर सरकारी पाळत का? विद्यार्थ्यांसाठी तर अर्जापासून निकालापर्यंत प्रत्येक टप्प्यावर नंबर चालू असणे आवश्यक झाले आहे. रिचार्ज संपून सिम बंद पडले तर ओटीपी अडतो आणि ओटीपी अडला तर परीक्षेचा अर्ज. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. व्हॉट्सॲपच्या वर्गग्रुपमुळे दीडशे जणांना प्रत्येक मुलीचा नंबर आपोआप मिळतो, ही कॉलेजातली रोजची गोष्ट मात्र तशीच चालू आहे.

परीक्षागृहात याच फोनचे रूप पालटते. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमबीबीएसच्या परीक्षेत विद्यापीठाच्या भरारी पथकाने एका परीक्षार्थ्याला पकडले. खिशात फोन आणि त्याला जोडलेले, कातडीच्या रंगाचे इवलेसे ब्लूटूथ यंत्र कानात. ते शस्त्रक्रियेने बसवून घेतल्याची बातमी देशभर गेली. अपवादच तो. पण दरवाजावरच्या झडतीला मर्यादा आहेत हे त्याने दाखवले.

काय अनिर्णित आहे

वर्गातल्या फोनपुरता विचार केला तर पुरावा आता एका बाजूला झुकलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही. काम असेल तेव्हा बाहेर, एरवी पेटीत, हा नियम ऐंशी मुलांच्या वर्गात अमलात आणणे कटकटीचे असले तरी अशक्य नाही. बंदी घातलेल्या वर्गातले शिक्षण मुळात कंटाळवाणे असेल तर ०.०८६ चा फायदा टिकेल का, हे त्या चाचणीतून कळत नाही. वर्गाबाहेरच्या फोनबाबत ‘हवा की नको’ हा प्रश्नच उरलेला नाही; चर्चा व्हायला हवी ती काही वेगळ्या गोष्टींवर.

पहिली भाषेची. निमाड आणि झाबुआ-अलीराजपूरकडच्या कितीतरी मुलांच्या घरी भिली, भिलाली किंवा निमाडी बोलली जाते, शाळा हिंदीत झालेली असते आणि एनपीटेलचे मूळ व्याख्यान इंग्रजीत असते. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पुस्तके आणली, अनेक ऑनलाइन पाठांना भाषांतरित सबटायटल मिळाली. पण फोनवर मुले प्रत्यक्षात पाहतात ते बहुतेक वेळा कुठल्या तरी क्लासवाल्याचे मोफत हिंदी व्हिडिओ. विद्यापीठाच्याच आवारात माध्यम केंद्र आहे, तिथे कॅमेरे आहेत, ध्वनिमुद्रणाची सोय आहे. संलग्न कॉलेजांच्या पाठ्यक्रमाला धरून, दहा-बारा मिनिटांचे, डेटा कमी खाणारे पाठ इथल्या बोलीच्या जवळच्या हिंदीत करणे त्याच्या आवाक्यात आहे की नाही, हा प्रश्न खरे तर निधीचा आणि श्रेयाचा आहे.

दुसरी शिक्षकाच्या कामाची. रात्री अकराला ग्रुपवर आलेली शंका सोडवणे हे अध्यापन धरायचे का? कार्यभाराच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. अतिथी विद्वान म्हणून नेमलेल्या शिक्षकांवर हा भार अधिक पडतो. दक्षिण आफ्रिकेच्या ‘डॉ. मॅथ’मध्ये पलीकडे उत्तर द्यायला ठरवून माणसे नेमली होती. आपल्याकडे ते काम शिक्षकाच्या भिडेवर चालते.

तिसरी खर्चाची. पूर्वी संस्था टीव्ही घेत असे, आता विद्यार्थी रिचार्ज भरतो. शिष्यवृत्तीत डेटाचा भाग धरावा, की कॉलेजात आणि वसतिगृहात चांगले वायफाय द्यावे, की दोन्ही? झाबुआ प्रकल्पात प्रत्येक गावाला काय द्यायचे याचा हिशेब मांडलेला होता. आज तसा हिशेब कोणाच्याच टेबलावर नाही, कारण खर्च लाखो घरांत विखुरला आहे.

चौथी गोष्ट सर्वांत ताजी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि वर्षभरात ते फोनवर होते. अंतर्गत मूल्यमापनासाठी, इथल्या भाषेत सीसीईसाठी, घरून लिहून आणायच्या असाइनमेंटवर भिस्त ठेवणाऱ्या कॉलेजांचा पायाच त्याने हलवला. काही शिक्षक तोंडी परीक्षेकडे वळले, काही वर्गात हाताने लिहून घेऊ लागले. विद्यार्थीसंख्या लहान असलेल्या यूटीडीत हे जमते. तीनशे मुलांच्या संलग्न कॉलेजात एकेकाला पाच मिनिटे तोंडी विचारायचे तर पंचवीस तास लागतात, आणि विषय एकाच शिक्षकाकडे तीन-तीन असतात. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला हे कसे करायचे, यावर आज तरी एकाही विद्यापीठाचे उत्तर सर्वमान्य नाही.